माईक चांगला होता

माझ्या साऊंडला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. माझ्या टेम्पोला ठेवा, माझ्या पोटाला ठेवा, नावाला तर खुशाल ठेवा. पोपट हे नाव घेऊन पेण तालुक्यात पन्नास वर्षं काढली की माणसाला चेष्टेचं काही वाटेनासं होतं. कबड्डीच्या सामन्यात एखादा गडी हातात आलेला गुण घालवून बसला की सगळं मैदान ‘पोपट झाला’ म्हणून ओरडतं आणि मग माझ्याकडे बघून हसतं. मीही हसतो. पण माईकपर्यंत यायचं नाही. माझे माईक मी स्वतः पुसतो, स्वतः डब्यात ठेवतो आणि लग्नात नवरदेवाच्या मित्रांना तर हातसुद्धा लावू देत नाही. दुकानाला मी मुलीचं नाव दिलंय, समीक्षा साऊंड. तेव्हा माईकला बोललात तर मला ते कुठं लागतं ते समजून घ्या.

जनूभाऊला हे सगळं ठाऊक आहे. जनूभाऊ म्हणजे आमच्या भागातला कबड्डीचा समालोचक. खाडीकाठच्या गावातला. तरुणपणी मिठागरावर कामाला होता आणि एका बांधावरून दुसऱ्या बांधावरच्या माणसाला वाऱ्याच्या उलट हाका मारून मारून त्याने तो आवाज कमावला. मिठागरं बंद पडत गेली, आवाज राहिला. थंडीत वालाच्या शेंगा भरायला लागल्या की आमच्याकडे गावोगाव सामने सुरू होतात. सामने म्हटले की बोलणार जनूभाऊ आणि साऊंड माझा, हे गेली वीसेक वर्षं ठरलेलं आहे. तो बोलायला लागला की मैदानाबाहेर चहा पिणाऱ्यालाही कोण चढाईला गेलाय, कुणाचा पाय रेषेला लागलाय ते दिसतं. सुरुवात मात्र नेहमी एकाच वाक्याने. माईक हातात घेतला की दोन टिचक्या मारून तो विचारतो, “पोपट, आवाज येतोय का रे?” मी मिक्सरमागून हात वर करतो. मग सामना सुरू.

त्या रविवारी आम्ही जिते गावी सामन्यांना होतो, पण जनूभाऊचं अर्धं लक्ष दुसऱ्या दिवशीच्या रोह्यात होतं. रोह्याची ती स्पर्धा मोठी, मॅटवरची, आणि तिथं बोलायला दरवर्षी मुंबईकडचा कोणीतरी यायचा. या वर्षी पहिल्यांदा त्यांनी जनूभाऊला बोलावलं होतं. त्यासाठी त्याने पांढरा सदरा शिवून घेतला होता. ठमावहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, पहिल्या रांगेत खुर्ची मिळणार होती. इतकी वर्षं नवऱ्याचं समालोचन त्यांनी ऐकलं ते गावातल्या कर्ण्यातून, घरी भांडी घासता घासता. हे खुर्चीचं जनूभाऊने मला जित्याला पोचेपर्यंत दोनदा सांगितलं. मी म्हटलं, वहिनींना खुर्ची, मग मला काय स्टूल? त्यावर तो इतका मनापासून हसला की मलाच आनंद झाला.

जेवणाच्या सुट्टीआधीचा सामना ऐन रंगात आला होता. गुण बरोबरीत, शेवटच्या चढाया, बायका-पोरं उभी राहिलेली. आणि कर्ण्यातून आधी एका गड्याचं नाव अर्धंच आलं. मग पुढचा शब्द कुठंतरी घसरला. मग जे आलं ते तोंडात भाताचा मोठा घास असताना माणूस बोलतो तसं. सूर जनूभाऊचाच, चढ-उतारही त्याचेच, पण शब्दांना धड सांधा नाही. मध्येच ठक्कन आवाज झाला. माईक टेबलावर आपटला होता.

लोक हसायला लागले. मंडळाचे अध्यक्ष हैबतराव मंडपातून उठले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, पोपट, तुझा माईक गेला. त्यांना खरं तर कर्ण्याची गरजच नाही. त्यांच्यामागोमाग चार जणांनी तेच म्हटलं, आणि कोपऱ्यातून कोणीतरी ‘पोपट झाला’ही टाकलं. मी दुसरा माईक घेऊन धावलो. वायर बदलली, पिन बदलली. जनूभाऊ खुर्चीत बसून उजवा हात चोळत होता, पण मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी माईककडे बघत होतो.

त्याने नवा माईक डाव्या हातात घेतला. टिचक्या मारल्या. “पोपट, आवाज येतोय का रे?” पहिले दोन शब्द जरा जड आले आणि पुढचे लख्ख. मैदानाने टाळ्या वाजवल्या. हैबतराव म्हणाले, बघा, माईकच होता. जनूभाऊही मान हलवून म्हणाला, माईकच होता, मी तर नीट बोलत होतो. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मला तेव्हा त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. वीस वर्षांची दोस्ती आणि तोही माझ्या माईकला बोलतोय.

सुट्टीत सगळे जेवायला गेले. मला घास गेला नसता. माझ्या मिक्सरमध्ये प्रत्येक सामन्याचं रेकॉर्डिंग होतं, पुढे कोणी भांडायला आलं तर असावं म्हणून. मी हेडफोन लावला आणि तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. पंचांची शिट्टी, अगदी धारदार. मागे एक बाई पोराला टोपी घाल म्हणून दटावतेय, तिचा शब्दन्‌शब्द स्वच्छ. गड्यांचे पाय आपटतायत, तेही स्वच्छ. त्याच माईकमधून, त्याच वेळी. मग खराब माईक फक्त जनूभाऊचे शब्द खातो आणि शिट्टी सोडतो काय? मी असा खूश झालो की मांडीवर थाप मारली. तो तुकडा मी लगेच समीक्षाला पाठवला. ती पेणला एका हॉस्पिटलात नर्स आहे, पण लहानपणी माझ्या मिक्सरवर बसून मोठी झालेली. आवाज कळतो तिला. खाली लिहिलं, ‘ऐक आणि सांग, माझा माईक खराब हाय का.’

तिचा फोन आला तो मी हेडफोन काढायच्या आत.

“बाबा, माईक सोडा. जनूकाका आत्ता कुठं हायत?”

“जेवतायत. आता बरे हायत. म्हणजे बघ, माईक बदलला आनि...”

“माईक बदलला म्हणून बरे नाय झाले. त्यांच्या डोक्यात रक्ताची गाठ अडकली आसंल, ती सुटली म्हणून बरे झाले. हात बघितलात का त्यांचा?”

मला तो चोळलेला उजवा हात आठवला. ठक्कन आपटलेला माईक आठवला. मी मांडीवर मारलेली थापही आठवली आणि माझी मलाच लाज वाटली. मी तो तुकडा इतक्या वेळा ऐकला, पण माईक चांगला असेल तर मग बिघाड कुठं आहे, एवढा एक साधा प्रश्न मला पडला नव्हता.

समीक्षाने सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत डोक्यात बसवलं. त्यांना हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का बघा. दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, एक खाली येतो का बघा. एखादं वाक्य बोलायला लावा. आणि यातलं सगळं नीट जमलं तरी त्यांना घेऊन या, कारण असा छोटा झटका आपोआप जातो आणि मोठा त्याच्या मागून येतो. पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट. कुणाच्या सांगण्यावरून कसली गोळी देऊ नका, तेल चोळत बसू नका, त्यांना गाडी चालवू देऊ नका. सुरू कधी झालं ती वेळ लक्षात ठेवा. मी म्हटलं, वेळ रेकॉर्डिंगवर हाय. ती म्हणाली, मग तेपन घेऊन या.

जनूभाऊ जेवून झाडाखाली बसला होता. मी त्याला म्हटलं, हास. तो म्हणाला, का रे, कुणाचा पोपट झाला? आणि हसला, दोन्ही बाजूंनी सारखा. मी म्हटलं, हात वर कर. त्याने केले, दोन्ही एका उंचीला. बोलणं तर काय, तो बोलतच होता. मी तिथंच ढिला पडणार होतो. पण पोरीचा आवाज कानात होता, म्हणून मी त्याला बाजूला घेतलं आणि समीक्षा काय म्हणाली ते सांगितलं.

तो ऐकेना. दुपारी उपांत्य सामने आहेत म्हणाला. उद्या रोहा आहे म्हणाला. एकदा हॉस्पिटलात पाय ठेवला की ते सोडणार नाहीत, आणि जनूच्या अंगावरून वारं गेलं असं एकदा गावात पसरलं की पुन्हा कोण माईक हातात देईल? वहिनींनी शेजारणींना सांगून ठेवलंय, त्यांना काय तोंड दाखवू? मग त्याने माझा हात धरला.

“पोपट, तू नुसतं म्हन, माईक खराब होता. येक दिवस म्हन. परवा तू म्हनशील तिथं येतो.”

काय सांगू, मला त्याची दयाही आली आणि त्याला एक ठेवून द्यावीशीही वाटली. मनात एकदा असंही आलं की तो तुकडा कर्ण्यावरच लावावा, म्हणजे अख्ख्या जित्याला कळेल माईक कसा होता ते. पण मी त्याला मिक्सरपाशी नेलं, माझ्या खुर्चीत बसवलं आणि हेडफोन त्याच्या कानांवर चढवला. म्हटलं, तूच सांग.

मी बटण दाबलं. सुरुवातीला तो मान डोलावत होता, स्वतःचं बोलणं ऐकताना नेहमी डोलावतो तशी. मग मान थांबली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, सकाळी बघायला हवं होतं तसा. तो तुकडा संपला तरी त्याने हेडफोन काढला नाही. स्वतःच हात पुढे करून पुन्हा लावायची खूण केली. दुसऱ्यांदा ऐकताना त्याचे डोळे भरून आले.

“हा मी?” तो म्हणाला. “मी तर नीट बोलत होतो रे.”

“शिट्टी ऐकलीस?”

“ऐकली.” जनूभाऊला आवाज कळतो. त्याला याहून जास्त काही सांगावं लागलं नाही. मग तो हळूच म्हणाला, “गुण लिहायची पेन्सिल पन हातातून गळली होती. मी कुनाला बोललो नाय.”

तो उठला. म्हणाला, चल. पण पाऊल पुढे पडेना, कारण मंडपातून हैबतराव आणि त्यांची माणसं आमच्याकडेच येत होती. आता हे विचारणार, जनूभाऊ कुठं निघालात, आणि संध्याकाळपर्यंत रोह्यापर्यंत बातमी जाणार. जनूभाऊ माझ्याकडे असा बघत होता की वाटलं, हा पुन्हा खाली बसेल. आणि बसला की मग तो उठायचा नाही, हे मला पक्कं कळत होतं.

मी माईक उचलला. तोच, सकाळचा. “मंडळी, सकाळी जो घोटाळा झाला तो माझ्या माईकचा दोष होता,” मी म्हटलं. सगळ्या मैदानावर माझा आवाज खणखणीत गेला. “दुसराही माईक भरवशाचा नाही. जनूभाऊंना पसंत पडेल असा माईक आणायला मी त्यांना घेऊन दुकानावर जातोय. तोवर हैबतरावांनी सांभाळून घ्यावं ही विनंती.” खराब माईकवरून इतकं स्वच्छ कसं ऐकू येतंय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. हैबतराव तर अशा घाईने समालोचकाच्या खुर्चीत येऊन बसले की त्यांना जनूभाऊचा विसरच पडला. मागून पुन्हा ‘पोपट झाला’ आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचं खरोखर काही वाटलं नाही.

टेम्पोत मी त्याला गप्प बसू दिलं नाही. जीभ जागेवर आहे की नाही हे कळायला हवं होतं. मी म्हटलं, आपल्या लाईनीवरची स्टेशनं सांग. त्याने सुरुवात केली, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी, आणि रोह्याला आला तसा उद्याचं आठवून त्याचा आवाज बसला. मी म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून. असं करत आम्ही पेणला पोचलो. वहिनींना मी निघतानाच फोन केला होता. त्या रिक्षाने आमच्याआधीच येऊन हॉस्पिटलच्या दारात उभ्या होत्या, शेजारी समीक्षा. वहिनींनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, चांगला तर दिसतोय की. समीक्षा म्हणाली, तीच तर अडचण हाय, काकी.

डोक्याचं स्कॅन झालं, रक्तस्राव नव्हता. मग छातीला वायरी लावल्या, आणि डॉक्टरांना हवं ते तिथं सापडलं. जनूभाऊच्या काळजाचे ठोके सारखे पडत नव्हते, मध्येच धावायचे, मध्येच अडखळायचे. डॉक्टर तरुण होते, पण नीट समजावून सांगणारे. म्हणाले, असे ठोके पडले की रक्त आत साचतं, त्याच्या गुठळ्या होतात आणि एखादी सुटून मेंदूत जाते. ब्लड प्रेशरही भलतंच वर होतं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चालू आहे का. जनूभाऊ म्हणाला, चालू हाय. वहिनी म्हणाल्या, खोटं.

मग त्या म्हाताऱ्याने खरं सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. त्या गोळीने लघवीला सारखं जावं लागतं. समालोचकाला सामना सोडून उठता येत नाही. म्हणून सामना असेल त्या दिवशी तो गोळी घेत नसे, आणि थंडीत सामना नाही असा दिवस कुठला? पाच तालुक्यांत त्याला मागणी. म्हणजे दरवर्षी वालाच्या शेंगा भरल्यापासून वाळेपर्यंत गोळी बंद. डॉक्टर म्हणाले, मला सांगायचं होतं, लघवी न होणाऱ्या दुसऱ्या गोळ्या असतात. जनूभाऊ म्हणाला, हे डाक्टरला कसं सांगायचं, लाज वाटते.

मी तेवढ्यात डॉक्टरांना रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी त्यावरून झटक्याची वेळ लिहून घेतली, बोलणं किती बिघडलं होतं तेही टिपलं आणि म्हणाले, फार उपयोग झाला, पेशंट इथं आला तेव्हा तर यातलं काहीच उरलं नव्हतं. मी विचारलं, माईक चांगलाय ना पण, डॉक्टर? समीक्षाने माझ्याकडे असं बघितलं की मी बाहेर बाकावर जाऊन बसलो.

जनूभाऊला हॉस्पिटलातच ठेवून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी मला रोह्याला जावंच लागलं. साऊंड माझा होता. समालोचक ऐनवेळी दुसरा आणला होता, बरा पोरगा होता, पण त्याने मला आवाज येतोय का असं विचारलं नाही. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. ती मीच कुणाला घेऊ दिली नव्हती. दुपार उलटली होती, सामना रंगला होता, आणि खिशात फोन थरथरला. समीक्षाचं नाव बघून मी हेडफोन ओढून काढला आणि फोन कानाला लावला.

जनूभाऊला दुसरा झटका आला होता, आणि हा पहिल्यासारखा सुटत नव्हता.

काय झालं ते मला नंतर वहिनींनी सांगितलं. आदल्या दिवशी समीक्षाने त्यांना तीच तीन गोष्टींची परीक्षा शिकवली होती. त्या दर थोड्या वेळाने नवऱ्याला हसायला लावत होत्या, हात उचलायला लावत होत्या, आणि तो वैतागून म्हणत होता की लग्न झाल्यापासून इतका हसलो नव्हतो. त्या दुपारी त्यांनी म्हटलं, हास. तो हसला तो अर्धाच. ओठाची उजवी बाजू लोंबत राहिली. म्हटलं, हात उचल, तर एकच आला. त्या कसल्या रडायला थांबतायत. दारापर्यंत धावत गेल्या आणि मिठागरावर बाईमाणूस हाक मारते तशी हाक मारली. समीक्षा म्हणते, सगळा मजला जागा झाला.

पुन्हा स्कॅन, पनवेलच्या मेंदूच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं, आणि मग गाठ विरघळवायचं इंजेक्शन. ते इंजेक्शन झटका सुरू झाल्यापासून थोड्याच तासांत द्यावं लागतं, नाहीतर उपयोग नाही, उलट धोका. जनूभाऊला ते तासाच्या आत मिळालं. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी रोह्याच्या मैदानात मिक्सरमागे बसलो होतो, समोर हजार माणसं ओरडत होती, आणि मला एकच दिसत होतं. आम्ही काल समीक्षाचं ऐकलं नसतं तर हा झटका इथं आला असता, त्या माईकपुढे. आणि मी पुन्हा नवा माईक घेऊन धावलो असतो. वायर बदलली असती, पिन बदलली असती. मी खाली मान घालून पाणी प्यायलो.

सामने संपले, सामान अजून टेम्पोत चढवायचं होतं, तेव्हा पुन्हा फोन वाजला. मी उचलला, पण हॅलो म्हणायचं धाडस होईना. पलीकडून थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग जड, हळू, पण शब्दन्‌शब्द सुटा आवाज आला.

“जिते. हमरापूर. पेण. कासू. नागोठणे. निडी.” थोडं थांबून, “रोहा.”

मी कर्ण्याच्या पेटीवर बसलो आणि चारचौघांत रडलो. लोकांना वाटलं, हरलेल्या संघाचा आहे.

जनूभाऊ घरी आला तो चालत. उजव्या हाताची पकड यायला महिना-दीड महिना लागला. तेवढे दिवस वहिनी त्याला रोज वालाच्या शेंगा सोलायला बसवत होत्या. रक्त पातळ करायची गोळी त्याला आता जन्मभर आहे, ब्लड प्रेशरची गोळी बदलून मिळाली आहे, आणि दोन्ही तो वहिनींच्या देखत घेतो. माझं म्हणाल तर वर्षभर मी जिथं जाईन तिथं लोक विचारायचे, काय पोपट, माईक बरा हाय का? मी म्हणायचो, बरा हाय. समीक्षा माझ्याकडे बघून हसायची. एवढी वर्षं मी ज्यावरून भांडलो त्यावर मी गप्प बसलो, ही माझी कमाईच म्हणायची.

या थंडीत रोह्याने जनूभाऊला पुन्हा बोलावलं. पांढरा सदरा त्याला जरा सैल होत होता. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या, पदर नीट करून, आणि आजूबाजूच्या बायकांना समालोचन म्हणजे काय ते समजावून सांगू लागल्या. मी मुद्दाम तोच माईक आणला होता, जित्याचा. त्याने तो उजव्या हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि ओळखला. मग तो बोलायला लागला, पण कबड्डीचं नाही.

“मंडळी, गेल्या वर्षी जित्याला माईक बिघडला होता असं सगळे म्हणतात. माईक चांगला होता. बिघाड माझ्यात होता. झटका आला होता मला, आणि मलाच कळलं नव्हतं. माईक वाईट होता असं सांगून आपलं नाव खराब करून घेतलं ते माझ्या दोस्ताने, मला हॉस्पिटलात न्यायला. नाहीतर आज मी इथं नसतो, आणि असतो तर बोलत नसतो.” मग त्याने सगळ्या मैदानाला हसायला लावलं आणि दोन्ही हात समोर उचलायला लावले. हजार माणसांचे हात वर गेले. शेजाऱ्याचा एक हात खाली येत असेल, तोंड वाकडं होत असेल, शब्द घसरत असतील तर माईक बदलू नका, त्याला घेऊन पळा, असं तो म्हणाला, आणि नंतर तो बरा झाला तरी पळा. लोक हसले, पण हात बराच वेळ वरच होते.

मला समोरचं काही दिसेना. मिक्सरची बटणं धूसर झाली होती.

मग जनूभाऊने माईकला दोन टिचक्या मारल्या आणि विचारलं, “पोपट, आवाज येतोय का रे?”

इतकी वर्षं मी एकच हात वर करत आलोय. या वेळी मी दोन्ही केले.